विहिरीवरचा उंबर

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दिगूच्या कुंड्यांसाठीच वाळू चाळत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. दुपारी छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारापर्यंतही तो पोहोचला नाही. फोन ठेवला आणि मी पुन्हा चाळायला लागलो... दुसरं काय करावं ते सुचेना.

माझ्या या मित्राला बोन्सायचं वेड होतं, पण नर्सरीतली गोंडस रोपं त्याला चालत नसत. पडक्या भिंतीत, गटाराच्या कडेला रुजलेला वड-पिंपळ दिसला की स्वारीची स्कूटर थांबलीच. मुळं सोडवायची, फांद्या निर्दयपणे छाटायच्या, उरलेलं खोड कुंडीत लावायचं आणि त्याच्या जखमांवर वहिनींच्या डब्यातली हळद. "भाजीचं राहू द्या, आधी झाडांना वाढा," हा वहिनींचा टोमणा ठरलेला. मग तो अधूनमधून नखाने साल जराशी खरवडून बघायचा. खाली हिरवं दिसलं की म्हणायचा, "आहे रे, जीव आहे."

उमेळे गावातली त्यांची वडिलोपार्जित वाडी भावांनी विकायला काढली तेव्हा तो भांडभांड भांडला आणि मग एक दिवस सही करून आला. जेसीबी येण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं तिथल्या विहिरीवर गेलो. कठड्याच्या दगडांत अडकून खुरटलेला एक उंबर होता, दिगूच्या लहानपणापासूनचा. उंबर म्हणजे दत्ताचं झाड. करवत लावण्याआधी त्याने चपला काढल्या, हात जोडले. "रागावू नको बाबा. मी नाही नेलं तर उद्या ते उखडतील तुला." मूठभर मुळं आणि मांडीएवढं खोड घेऊन आम्ही त्याच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आलो. कुंडी भरून झाल्यावर तो म्हणाला, "एवढा एक जगला ना, तर वाडी गेली असं मी म्हणणार नाही." आठवड्याभरात तोच गेला.

आता वाडीच्या जागी पायाचा खड्डा आहे. मी रविवारी गच्चीवर जातो. बाकीची झाडं पानं धरून आहेत, उंबर नाही. पहिल्यांदा साल खरवडली तेव्हा हिरवं होतं, पांढरा चीकही आला. पुढे पिवळट झालं. गेल्या रविवारी दोन-तीन ठिकाणी पाहिलं, सगळीकडे तपकिरी, कोरडं लाकूड... धीराच्या चार गोष्टी मलाही सांगता येतात, पण त्या खोडापुढे बसल्यावर एकही आठवेना. वाडी गेली, दिगू गेला, आणि आता हाही. यातलं काहीच मला राखता आलं नाही.

तेवढ्यात वहिनी तांब्या घेऊन वर आल्या. "हिरवं आहे ना, भाऊजी?"

"आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, सावकाश पाणी घातलं आणि खाली गेल्या. कुंडी उन्हातून सरकवावी म्हणून मी ती फिरवली. खोडाच्या भिंतीकडच्या बाजूला मी कधी हात लावला नव्हता. तिथेही नखाने साल खरवडलेली होती. आतलं कोरडं लाकूड दिसत होतं, आणि त्यावर ताजी हळद लावलेली होती.