कन्हानचे दोन विंकलर

माझे पप्पा काल दुसऱ्यांदा गेले.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी चौथीत होते. नागपुरात सदर भागातल्या आमच्या घरात दुपारभर रडारड झाली, आणि संध्याकाळी हे पिशवी घेऊन दारात उभे!

आज सकाळपासून फोन सुरू आहेत. एकाने विचारलंच, "डॅनियल विंकलर म्हणजे जर्मन होते का हो?"

नाही हो. अस्सल नागपुरी. तर्री-पोह्याशिवाय ज्यांचा रविवार उगवायचा नाही असे.

आडनाव मोठ्या मॅडमचं. विंकलर मॅडम फार वर्षांपूर्वी जर्मनीहून आल्या, सदरमध्येच राहिल्या आणि ज्यांना कोणी नव्हतं अशी पोरं त्यांनी वाढवली. शाळेत घालताना सगळ्यांना स्वतःचं आडनाव दिलं. रक्ताचं नातं कोणाचंच कोणाशी नाही, पण विंकलर सगळे.

(शाळेत मास्तर मला शेवटपर्यंत विंचूरकर म्हणायचे. मी ओ द्यायचे.)

जोसेफ काका रेल्वेचं इंजिन चालवायचे. रूथ आत्या नर्स. पीटर काकांची बेकरी, त्यामुळे जवळ आले की टोस्टचा वास. जॉन काका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, आणि स्वतःच्या लग्नातही वाजवूनच मोकळे झाले.

पप्पा आणि सॅम्युएल काका कन्हानजवळ कोळशाच्या खाणीत. पप्पा वर, कामगारांच्या डोक्यावरचे बॅटरीचे दिवे दुरुस्त करायला. सॅम्युएल काका खाली, खाणीत.

काकांनी लग्न केलं नाही. बोलायचे कमी. रविवारी आले की माझ्या वेण्या घालून द्यायचे. हमखास वाकड्या.

मॅडमचा एक नियम होता. विंकलर गेला तर त्याला शेवटची आंघोळ विंकलरनेच घालायची. मॅडम आमच्यापेक्षा पक्कं नागपुरी बोलायच्या म्हणे. म्हणायच्या, "याले कोनी नव्हतं, असं मेल्यावर तरी कोनी म्हनू नये."

तर तो दिवस.

दुपारी खाणीतला एक माणूस स्कूटरवर आला. खाली छत कोसळलं होतं. "विंकलर गेला," एवढंच म्हणाला. बॉडी तिकडच्या दवाखान्यात आहे, तुम्हाला न्यायला संध्याकाळी गाडी पाठवतो, तोवर थांबा.

कोणता विंकलर, हे कोणी विचारलंच नाही.

देशमुख असता तर विचारलं असतं. विंकलर म्हटल्यावर त्या बिचाऱ्यालाही वाटलं, असून असून किती असणार? आणि आमच्या घरी येऊन सांगितलं म्हटल्यावर आईला दुसरं काय वाटणार?

आई जागच्या जागी कोसळली. हळूहळू सगळे विंकलर जमले. जॉन काका म्हणाले, गाडीची वाट काय पाहायची, आपणच निघू.

पीटर काकांनी त्यांना बसवलं. "घाई नोको करू गा. सॅम्युएल हाये ना तिकडं. तो आंघोळ घालून राहिला असन. इथं वहिनीले कोन पाहीन?"

सगळ्यांना पटलं. सॅम्युएल आहे म्हटल्यावर सगळे जरा निवांत झाले.



संध्याकाळी पप्पा आले. साहेबांनी त्यांना सकाळीच चांद्याकडच्या दुसऱ्या खाणीवर दिवे आणायला पाठवलं होतं. तिथून ते परस्पर घरी आले. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता.

"काहून रडून राहिले गा सारे?"

आई हसत होती, रडत होती, त्यांना दोन्ही हातांनी मारत होती. जॉन काकांनी क्लॅरिनेट काढलं. आईने होतं नव्हतं ते तूप घालून शिरा केला. पप्पांना ताट वाढलं. पप्पा जेवले. मी त्यांच्या मांडीवर.

माझ्या लहानपणातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस. अजूनही. सांगायची लाज वाटते, पण आहे.

जेवण झालं. पप्पांनी हात धुतला आणि सहज विचारलं,

"मंग गेला कोन?"

क्लॅरिनेट थांबलं.

पप्पांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"सॅम्युएल कुठी हाये?"

सगळे कन्हानला पोचले तोवर खाणीतल्या सोबत्यांनीच काकांना आंघोळ घातली होती. वर नवी चादर घातली होती. भली माणसं. पण दिवसभर काकांजवळ विंकलर एकही नव्हता.

पप्पांनी त्यानंतर शिरा तोंडात घेतला नाही. पुढे जोसेफ काका गेले, जॉन काका गेले, पीटर काका गेले. प्रत्येकाला आंघोळ पप्पांनीच घातली, दुसऱ्या कोणाला तांब्यालाही हात लावू दिला नाही. कधी टीव्ही बघता बघता मध्येच म्हणायचे, "तो तिकडं पडला होता, अन् मी इकडं जेवत होतो."

मी म्हणायचे, "पप्पा, तुम्हाला माहीत नव्हतं." त्याचा काही उपयोग नव्हता. आई अशा वेळी उठून स्वयंपाकघरात जायची.

काल पप्पांना आंघोळ आईने आणि मी घातली. मॅडमनी वाढवलेल्यांपैकी आता कोणीच उरलं नाही. आईला उभं राहवत नाही. ती खुर्चीवर बसून त्यांच्या कपाळावरून ओला टॉवेल फिरवत होती. आणि एकदम बोलायला लागली. माझ्याशी नाही, त्यांच्याशी.

"तुम्ही दारात उभे राहिले ना, तेव्हाच मले समजलं होतं. सॅम्युएल भाऊ गेले म्हनून."

मी तांब्या खाली ठेवला.

"तुम्ही सकाळपासून उपाशी होते. म्हटलं, जेवू द्यावं आधी, मंग सांगू. पन तुम्ही हसून राहिले होते. मले नाही सांगवलं."

टॉवेल पिळला, पुन्हा कपाळावर ठेवला.

"तुमचा काहीच कसूर नव्हता जी. माझा होता."

इतकी वर्षं ते स्वतःला कोसत राहिले आणि ही शेजारी बसून गप्प राहिली. मला तिच्यावर चिडायचं होतं. जमलं नाही. त्या संध्याकाळी मला कोणी विचारलं असतं, तर मीही म्हटलं असतं, थोडा वेळ सांगू नका.

पप्पा, आता काकांपुढे मान खाली घालू नका.

सॅम्युएल काका, त्या दुपारचं आमचं रडणं तुमच्या हक्काचं होतं. ते आज तुम्हाला.

कन्हानच्या दोन्ही विंकलरांना आमचा साश्रू निरोप.