बाबांनी ओळखलेलं फुलपाखरू

मी अमेरिकेला निघाले त्या दिवशी चारोटीच्या नाक्यावर टॅक्सीत बॅगा चढत होत्या, आई डोळ्यांना पदर लावून उभी होती आणि बाबा मात्र हॉटेलामागच्या झुडपात वाकून काहीतरी बघत होते. बोर्डीच्या वाडीत जन्मभर चिकू उतरवले, पण त्यांचं लक्ष सदा पानांखालच्या किड्यांत. हाक मारली तेव्हा आले आणि एवढंच म्हणाले, "पोरी, तठं आपल्यातलं काय दिसलं तं कळव."

मंगल, तू धाकटी म्हणून बाबांच्या मागे हिंडायचीस. मी हसायचे. "नुसते वरचे पंख बघून फसशील," ते तुला सांगायचे, "खालून बघ."

टेक्सासला पहिल्या वर्षी बोलायला माणूस नव्हतं. नवरा ऑफिसला गेला की मी अपार्टमेंटमागच्या ओढ्याकाठी जायचे. तिथंच, मोबाईलवरच्या अ‍ॅपच्या मदतीनं, चेकरस्पॉट, पॅच आणि क्रेसेंट ही तिथली फुलपाखरं ओळखायला शिकले. सगळी नारिंगी-काळी, एका आईची वाटावीत अशी. चेकरस्पॉटच्या अंगभर चौकटी. पॅचला पंखांवर रुंद पट्टा. क्रेसेंट मात्र खालूनच ओळखायचं, पंखाच्या कडेला फिकट चंद्रकोर असते.

पहिला फोटो घरी पाठवला तो क्रेसेंटचा. लगेच बाबांचा फोन. "अगं, हे तं आपल्या कुंपणावरचं! एवढ्या लांब कसं पोचलं?" आवाजात इतका आनंद मी कधी ऐकला नव्हता. पाड्यात घरोघरी फोटो दाखवून आले म्हणे.

आणि मी दीडशहाणी! पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. बाबा, हे ते नव्हे, चंद्रकोर बघा, ही जात आपल्याकडे नसतेच. त्यांचंच शहाणपण त्यांना शिकवलं. त्यांनी तुझ्याकडून 'बरं' एवढंच लिहून घेऊन पाठवलं. पुढे फोनवर जेवणखाण विचारत राहिले, फुलपाखरांचं नाव पुन्हा काढलं नाही.

गेल्या पावसाळ्यात बाबा गेले. माझे व्हिसाचे कागद अडकलेले, त्यामुळे अग्नी दिलेला मी मोबाईलवर पाहिला. बारावं झाल्यावर तू मला सांगितलंस, की आई माझ्या काळजीनं जेवेनाशी झाली की बाबा तिला म्हणायचे, "पोरीच्या दारात आपलं फुलपाखरू येतं. करमेल तिला." माझा मेसेज ऐकल्यानंतरही हेच म्हणायचे, आणि तूही आईला खरं सांगितलं नाहीस.

तेव्हापासून मला स्वतःचा फार राग येतो. बाबांना फुलपाखराची जात कुठं हवी होती! मी परक्या मुलखात एकटी नाही, एवढंच त्यांना हवं होतं. आता घर म्हणजे आई, तू, आणि तिला न सांगितलेली ही एक गोष्ट.

काल आईनं फोनवर विचारलं, "ते आपलं फुलपाखरू येतं का गं अजून?"

"येतं, आई," मी म्हणाले. "आज तर दोन आली होती."