मामीची माती

नाशिक रोडच्या एका मोठ्या सोसायटीत दर रविवारी विषमुक्त भाजीचा बाजार भरतो. तिथे एकच जागा रिकामी झाली होती आणि मागणारे दोघं होते: सायखेड्याची माझी मामी आणि निफाडचा एक बागायतदार. दोघांची माती तपासून कोणाची चोख ते मी सांगायचं, असं बाजाराच्या समितीने ठरवलं. त्यांतली एक माझी मामी आहे, हे मी समितीला सांगितलं नाही.

मी प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे असे जिवाणू आहेत, की मातीच्या पाण्यात अँटिबायोटिकचा अंश असला की ते चमकतात. ती चमक डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसते. जिवंत आहेत म्हणून ते कामाचे आणि जिवंत आहेत म्हणूनच त्यांचे नखरे फार.

शाळेची पाच वर्षं मी मामीकडे काढली. तिने मला कधी मारलं नाही. पण पाहुणे आले की माझ्या ताटाकडे बोट दाखवून म्हणायची, "हिला भूक लय, अक्कल नाय." पाहुणे हसायचे. त्यांच्याबरोबर मीही हसायचे, आणि त्याचाच राग अजून गेलेला नाही.

मामीची माती चमकली. ती रानात कोंबडखत घालायची. पोल्ट्रीत कोंबड्यांना पाजलेलं औषध खताबरोबर आपल्या मेथीत येतं, हे तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं. मी तिला बाजूला घेऊन सांगू शकले असते. मी भर बैठकीत सांगितलं, आणि मामी म्हणायचंही टाळलं.

"बाई, लोकांना औषध खाऊ घालता आणि वर विषमुक्त म्हणून विकता?"

"खत हाय ते. औषध नाय," ती म्हणाली. मग तिने पदर सावरला. मला फार बरं वाटलं. निफाडच्या मातीत काहीच चमकलं नव्हतं, म्हणून जागा त्या बागायतदाराला मिळाली.

आमच्या कामात एक नियम आहे. माती चमकली नाही, तर त्याच पाण्यात मुद्दाम औषधाचा थेंब टाकून बघायचं. आता चमकली तर जिवाणू जिवंत आहेत आणि माती खरंच चोख आहे. मामीची माती मी तीनदा तपासली होती, ती कुठूनही सुटायला नको म्हणून. निफाडच्या मातीत तो थेंब टाकायचा मात्र राहून गेला होता. महिन्याभराने फ्रीज आवरताना तो नमुना हाती लागला, तेव्हा टाकला. तरी अंधारच. ते रान जुन्या द्राक्षबागेचं होतं. बाग तोडून तिथे भाजी लावली होती, पण वर्षानुवर्षं फवारलेलं मोरचूद मातीत तसंच होतं आणि त्याने माझे जिवाणू मेले होते. म्हणजे त्या मातीत औषध आहे की नाही, हे मला मुळात कळलेलंच नव्हतं. मी नमुना फेकला आणि कोणालाही काही बोलले नाही.

पुढच्या हंगामात मामी स्वतः प्रयोगशाळेत आली. हातात मातीची पिशवी. कोंबडखत तिने बंद केलं होतं, उरलेलं काढूनही टाकलं होतं. "एकदा बघ ना," म्हणाली. मी तिच्यासमोरच तपासली. चमक नाही. थेंब टाकला, यंत्रावर लख्ख चमकली. माती चोख होती.

पण ते सांगितलं असतं तर समितीने दोघांची माती पुन्हा तपासायला लावली असती आणि माझी चूक उघडी पडली असती. शिवाय खरं सांगायचं तर, मामी अशी स्टुलाच्या कडेला बसून माझ्या तोंडाकडे बघत होती, ते मला हवंहवंसं वाटत होतं.

"अजून चमकते, मामी."

तिने वाद घातला नाही. पिशवीचं तोंड बांधत म्हणाली, "तू शिकलेली. तू म्हणतीस म्हंजे असंल. अजून काय करू, तेवढं सांग."

तिचं पोट त्या अर्ध्या एकरावर चालतं, हे मला पाठ होतं.

"वर्षभर रान पडीक ठेवा," मी म्हणाले.

तिने ठेवलं.