आईला तोंड लागलं तरच

भाटघर धरणाचं पाणी वैशाखात मागं हटलं की पोटातली सपाट जमीन उघडी पडायची. तिथं हरिबा धनगरानं एकसष्ट साली शिंगऱ्यांची शर्यत सुरू केली. शिंगऱ्या म्हणजे घोडीची मादी पिल्लं. नर बाजारात जायचे, माद्या घरी राहायच्या, म्हणून शर्यत त्यांचीच. वर माणूस नाही, चाबूक नाही. आया पलीकडं बांधायच्या, पिल्लं अलीकडं धरायची आणि सोडायची. दोन शेतं ओलांडली की खेळ खलास. बक्षीस गाडीभर कडबा.

पहिल्याच वर्षी एका बहाद्दरानं गूळ दाखवून आपली शिंगरी पुढं ओढली आणि डोकी फुटायची वेळ आली. तेव्हा हरिबानं नेम घातला: शिंगरीचं तोंड आईला लागलं तरच ती जिंकली. मेंढरं वळणाऱ्याला एरवी कोण विचारतं? पण त्या दिवशी पाटीलसुद्धा त्याच्या तोंडाकडं बघायचा. म्हाताऱ्याला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

बहात्तरला पाऊस गेला. पुढच्या फाल्गुनात हरिबाची घोडी चाऱ्यावाचून मेली. मागं राहिली आठ महिन्यांची शिंगरी, नुसत्या फासळ्या. त्याची बायको बयाबाई आपल्या ताटातली भाकरी मोडून तिला घालायची. कडबा मिळाला तर ती पावसाळा बघेल, नाहीतर नाही, हे दोघांनाही कळत होतं. गावानं घरागणिक चार-चार पेंढ्या काढून कशीबशी गाडी भरली होती.

शर्यतीच्या दिवशी बयाबाईनं मेल्या घोडीच्या पाठीवरचं घोंगडं नवऱ्याच्या खांद्यावर टाकलं.

"हे घिऊन हुबं ऱ्हावा. वासावर यील ती."

हरिबा जाऊन आयांच्या रांगेत उभा राहिला.

तीन शिंगऱ्या सुटल्या. हरिबाची सगळ्यांच्या आधी आली आणि तिनं घोंगड्यात तोंड खुपसलं. मागून गावातल्या गेनूची आली, आपल्या आईला भिडली. गेनू स्वतःच म्हणाला, "बाबा, तुमची फुडं आली."

हरिबानं तिचं तोंड घोंगड्यातून बाजूला केलं. "आईला न्हाई लागली. घोंगडं काय न् गूळ काय, येकच. कडबा तुझा."

मग घोंगडं पांघरलंस कशाला रे बाबा? मला आजही त्या माणसाचा राग येतो. तो नुसतं हो म्हणाला असता तर कुणी हरकत घेतली नसती.

"तुमच्या नेमानं तिचं प्वाट भरंल व्हय?" बयाबाई भर मैदानात ओरडली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

शिंगरी ज्येष्ठात मेली. हरिबानं एकट्यानं खड्डा खणला. त्याच दिवशी गेनू दहा पेंढ्या डोक्यावर घेऊन दारात आला, बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं.

"परत न्हे," हरिबा म्हणाला.

बयाबाई आतून बाहेर आली. "ठिव हितं," ती गेनूला म्हणाली. "आता ह्यांस्नी खाऊ दे."