मुलाखतीच्या वेळी मी पाणी आणायला गेलो होतो

"अरे, साहेबांना पाणी बघ की जरा."

अण्णा हे म्हणाले तेव्हा मी पक्षाच्या निरीक्षकांसमोर उभा होतो. खुर्ची होती, पण बस असं कुणी म्हणालं नव्हतं. लातूरच्या विश्रामगृहातली खोली. टेबलापलीकडे नांदेडहून आलेले निरीक्षक. शेजारच्या सोफ्यावर अण्णा, आमच्या तालुक्यातले पक्षाचे पुढारी. जिल्हा परिषदेच्या उमेदवारीसाठी इच्छुकांच्या मुलाखती चालल्या होत्या. आमचा गट अनुसूचित जातीसाठी राखीव सुटला होता आणि माझं नाव नुकतंच पुकारलं होतं.

नाव सांगून झालं. गाव सांगून झालं. निरीक्षकांनी विचारलं, "तुम्ही कोणाचे?"

माझ्या आधी खुल्या गटातले इच्छुक आत गेले होते. त्यांना काय विचारलं ते मी दाराशी उभा राहून ऐकलं होतं. गटात पक्षाची ताकद किती, समोर कोण, खर्च झेपेल का. मला विचारलं, तुम्ही कोणाचे. म्हणजे कोणत्या पुढाऱ्याचा माणूस. मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी उत्तर दिलं. "आपलाच हाय. घरातलाच." आणि लगेच ते पाण्याचं.

मी गेलो. हेच अजून झोंबतं. चिडलो नाही, विचारही केला नाही. पाय आपोआप वळले. पक्षाच्या प्रत्येक सभेला पाण्याचे जार, खुर्च्या, माईक मीच बघायचो. अण्णांनी पाणी म्हटलं की उठायचं, ही सवय अंगात मुरली होती. खोलीतला जार रिकामा होता. खाली रस्त्यावरच्या टपरीवरून बाटल्या घेतल्या आणि वर आलो.

आत दुसरा इच्छुक होता. खुर्चीवर बसलेला. निरीक्षक माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठेवा इथं." दारातल्या कार्यकर्त्याला विचारलं, माझं काय? तो म्हणाला, "तुझं झालं की."

अण्णा बाहेर आले तेव्हा मी म्हणालो, मला काहीच विचारलं नाही. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या आज्याला आमच्या हिरीवर चढू देत नव्हते. आता एवढे मोठे साहेब तुझ्या हातचं पाणी पितेत. आणखी कोणती समता पायजे तुला, वकील?"

भोवतीचे हसले.

मी वकील नाही. बी.ए. आहे आणि तेव्हा लातूरच्या एका दैनिकाचा जळकोट तालुक्यातला वार्ताहर होतो. वकील हे नाव गावातल्या हॉटेलात पडलं. तिथं रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचला जातो आणि चहा निवेपर्यंत भांडण चालतं. सोयाबीनचा भाव, आरक्षण, कोण कुठून फुटला. पक्षाची बाजू मी लढवायचो. समोरच्याला गप्प करायचो. फक्त एक म्हातारा गप्प व्हायचा नाही. तो बशीतला चहा फुंकत म्हणायचा, "ते समदं खरं, वकील. तुझ्या पक्षात तुला बसायला खुर्ची हाय का, तेवढं सांग." मी त्याला राज्यघटना सांगायचो. खुर्चीचं उत्तर द्यायचो नाही.

मुलाखतींची बातमी त्या संध्याकाळी मीच पाठवली. "इच्छुकांच्या मुलाखती खेळीमेळीच्या वातावरणात पार पडल्या." खाली मुलाखत दिलेल्यांची नावं. त्यात माझंही.

मग वरून आदेश आला. राखीव गटात उमेदवार कार्यकर्त्यांच्या कौलानं ठरवा. बूथप्रमुखांनी आणि कार्यकर्त्यांनी मतदान करायचं. हॉटेलात मी छाती काढून सांगितलं, बघा, ही लोकशाही. म्हातारा बशीतला चहा फुंकत राहिला.

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी अण्णांनी शेतावर बोलावलं. ते म्हणाले, "किसन उभा राहील. त्याचं नाव तू सुचवायचं. तुझ्यावानी बोलता येतंय कुणाला?"

किसनमामा आमच्याच बौद्ध वस्तीतले. माझ्या आईचे चुलतभाऊ. अण्णांच्या शेतात सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. आम्ही बोलत होतो तेव्हा ते समोर बैलांना वैरण टाकत होते.

मी म्हणालो, "बोलता येतं, तर मलाच का नाही?"

"बोलता येतंय म्हणूनच न्हाई." अण्णा शांतपणे म्हणाले. "निवडून आलेला माणूस ऐकणारा लागतो. बोलायला मी हाय की."

जळकोटच्या एका मंगल कार्यालयात बैठक झाली. तेच निरीक्षक. मतदान म्हणजे चिठ्ठ्या नव्हत्या, हात वर करायचे होते. अण्णा पहिल्या रांगेत. हात कोण वर करतं ते त्यांना मागं वळून मोजता येणार होतं. किसनमामा सगळ्यात मागं, चपलांजवळ, धुतलेल्या कपड्यांत.

निरीक्षकांनी विचारलं, नाव कोण सुचवणार? अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. माईक हातात आला. मी मागं बघून विचारलं, "मामा, तुम्हाला उभं राहायचंय का?"

"राहायचंय त्याला," अण्णा म्हणाले. "इचारून झालंय."

"अण्णा, मी मामांना विचारलं."

मामा उठले. डोक्याचा टॉवेल काढून हातात धरला. "मला मालकांनी सांगितलं, उद्या धुतलेली कापडं घालून ये म्हणून. कशाला, ते न्हाई सांगितलं."

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "खाली बस रं वकिला, तुला काय करायचंय?" मी बसलो नाही. म्हणालो, मी माझं स्वतःचं नाव सुचवतो.

अनुमोदन?

कुणी नाही. माझ्या वस्तीतले दोन बूथप्रमुख सतरंजीकडे बघत होते. एकाचा मुलगा अण्णांच्या शाळेत शिपाई आहे. दुसऱ्याचं घरकुल अडलेलं आहे. मग अण्णांनीच मामांचं नाव सुचवलं आणि निरीक्षकांनी हात मागितले. सगळे वर गेले. अण्णांनी वळून बघितलं, तेव्हा मामांचाही गेला.

"एकमतानं," निरीक्षक म्हणाले.

"एकमतानं नाही. माझा हात खाली आहे."

"एका हातानं काय फरक पडतो?"

अण्णा हसत म्हणाले, "वकील, पाणी फिरव बघू. लोकं तापलेत."

जार दाराजवळ होता. माझ्यापासून चार पावलांवर. पाय वळायला लागले, ते मला कळलं. पहिल्यांदाच कळलं. मी जवळची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसलो. "ज्याला तहान लागली त्यानं उठून घ्यावं, अण्णा."

अण्णांनी ओठांवरून जीभ फिरवली. ते उठले नाहीत. दुसरंही कुणी उठलं नाही. बैठक संपेपर्यंत जार भरलेलाच होता.

पुढचं लवकर झालं. दैनिकानं वार्ताहर बदलला. पेपरला जाहिराती अण्णांच्या जातात. मी अपक्ष अर्ज भरला. सूचक म्हणून माझ्या बायकोनं सही केली, दुसरं कुणी तयार नव्हतं. हॉटेलात आता माझ्या बाकावर कुणी बसत नाही. वस्तीतले म्हणतात, "आपल्याच माणसाला पाडायलास. लाज न्हाई वाटत?" हे मी ऐकून घेतो. याचं उत्तर मला शोधावं लागलं. मामांशी माझं भांडण नाही. पण मामांना पुढं करून अण्णा माझ्या वस्तीची जागा घेणार असतील, तर मी मामांच्या विरोधात लढेन. मतं फुटतील. फुटू देत.

परवा प्रचाराची जीप दारात आली. अण्णा जीपमध्येच बसून राहिले. मामा एकटे उतरले. गळ्यात पक्षाचा रुमाल, हातात पत्रकं. मी त्यांना आत नेऊन खुर्ची दिली. पाणी दिलं. ते माझ्या हातचं पाणी प्यायले आणि खाली बघत म्हणाले, "भाच्या, मत दे म्हणून सांगायला लावलंय."

"देणार नाही, मामा. तुम्हाला उभं केलंय. मी उभा राहिलोय."

बाहेर हॉर्न वाजला. मामा अर्धं पाणी टाकून उठले.

मी पडेन. मतांचं गणित मला येतं. पण यंत्रावर एक नाव असेल जे अण्णांनी सुचवलेलं नाही. पुढच्या निवडणुकीलाही असेल. त्याच्या पुढच्याही. राखीव असो वा खुला, हा गट मी अण्णांना लढतीशिवाय मिळू देणार नाही.