हॅलोभाऊंनी माईक बंद केला नाही

हॅलोभाऊ हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. पण एखादा माणूस तीस वर्षं रोज कुठल्या ना कुठल्या स्टेजवर चढून ‘हॅलो, हॅलो, एक-दोन-तीन’ करत असेल, तर लोक त्याला दुसरं म्हणणार तरी काय? माणूस हॅलोभाऊ झाला, त्याची बायको हॅलोवहिनी झाली, आणि जिन्याखालच्या त्यांच्या खोपटाएवढ्या दुकानावर पाटी नव्हती तरी पत्ता विचारणारा कधी चुकला नाही. गंमत अशी, की गावभर आवाज पुरवणारा हा गृहस्थ स्वतः मुलखाचा मुखदुर्बळ. भाजी अळणी झाली तरी बोलणार नाही, मुकाट उठून मिठाची बरणी घेऊन येईल. “एवढं हॅलो हॅलो करता, पुढचं कधी बोलणार?” असं वहिनी लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून विचारत आल्या होत्या.

बरं, दुसऱ्यांचं तरी ऐकावं! आज ह्या पक्षाची सभा, उद्या त्याच पक्षाला शिव्या घालणाऱ्यांची, परवा शाळेचा बक्षीस समारंभ. संध्याकाळी वायरींची भेंडोळी खांद्यावर टाकून घरी आले की वहिनी विचारायच्या, “काय म्हणाले हो आज?” तर उत्तर काय, “वरच्या पट्टीत फाटत होता आवाज. मी सांभाळून घेतला.” झालं! तीन तासांच्या भाषणाचा सारांश!

माईकवर टिचकी मारायची नाही आणि फुंकर घालायची नाही, हा नियम ते स्टेजवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, मग तो मंत्री का असेना. दुसरा एक नियम होता तो त्यांनी कधी कुणाला सांगितला नाही, कारण असा काही नियम आपण पाळतो हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. बोलणारा बोलतोय तोवर बटणाला हात लावायचा नाही.

ते कळलं चौकातल्या पाण्याच्या सभेत. वरच्या टाकीचं पाणी पिऊन माणसं आजारी पडत होती आणि ही सगळी अफवा आहे असं वरून सांगण्यात येत होतं. तेव्हा एक निवृत्त मास्तरीणबाई घरोघर फिरल्या, आजारी माणसांची यादी केली, चौकात सभेची रीतसर परवानगी काढली आणि संध्याकाळी सहाला ती यादी मोठ्यानं वाचायला उभ्या राहिल्या. परवानगी सातपर्यंतची. माईक अर्थात हॅलोभाऊंचा. वहिनी बाजारातून परतताना पिशवी पायाशी ठेवून गर्दीच्या कडेला उभ्या होत्या, म्हणून पुढचं सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

सव्वासहाला पोलिसांची गाडी आली. अधिकारी उतरला तो तडक हॅलोभाऊंच्या टेबलाशी. “बंद कर ते!”

हॅलोभाऊ खुर्चीतून उठून उभे राहिले. “साहेब, बाई वाचतायत.”

“मला दिसतंय. बंद कर म्हणतोय ना?”

“यादी संपू दे, साहेब. मधेच कसं बंद करणार?” आणि मग, साहेबांची तेवढीच सोय म्हणून, त्यांनी स्टेजकडे वळून विचारलं, “बाई, अजून किती राहिली?”

“बावीस घरं,” बाई माईकवरच म्हणाल्या. अख्ख्या चौकानं ऐकलं. लोक खो खो हसले आणि अधिकाऱ्याचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं खांबावरून आलेली वायर हिसकून काढली. आवाज तसाच खणखणीत. “लाईट जाते ना साहेब, म्हणून बॅटरी ठेवतो,” हॅलोभाऊंनी नवख्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं समजावून सांगितलं. अधिकारी ॲम्प्लिफायरच्या पेटीकडे सरकला, तेव्हा हॅलोभाऊ पेटीला पाठ लावून उभे राहिले. हात उगारला नाही की तोंडातून वावगा शब्द काढला नाही. दोघा शिपायांनी त्यांना उचलून गाडीत घातलं, तोवर बाईंची शेवटची ओळ वाचून झाली होती. मग पेटी, माईक, चारही भोंगे, सगळं जप्त.

वहिनींना आधी काही सुचलंच नाही. मग एकदम रागच आला. अहो, ती मास्तरीण कोण? ज्या बाईनं ह्याच माणसाला शाळेत गणितात दोनदा नापास केलं होतं तीच! आणि तिच्या यादीसाठी हा गाडीत जाऊन बसला!

पुढे पाणी तपासलं गेलं, यादी खरी निघाली, आणि अफवा पसरवल्याबद्दल बाईंवर भरलेला खटला गुंडाळावा लागला. जामिनावर सुटून घरी आलेल्या हॅलोभाऊंवरचा मात्र राहिला, कारण त्यांचा गुन्हाच वेगळा होता: हुकूम मोडला. पण त्यातूनही सुटायची वाट होती. पोलिसांनी एक कागद तयार ठेवला होता. त्यावर सही केली की खटला मागे आणि सामान परत. नाही केली तर तुरुंग, आणि सामान कधी मिळेल देव जाणे. वहिनींनी तो कागद घरी आणला, चष्मा लावला आणि नवऱ्याला वाचून दाखवला. “सांगितल्याबरोबर यंत्र बंद करणे माझे कर्तव्य होते. ते मी केले नाही याबद्दल माफी मागतो. यापुढे सांगताक्षणी बंद करीन.” एवढंच. तीन ओळी.

“करा सही आणि व्हा मोकळे,” वहिनी म्हणाल्या. “माफीच तर मागायचीय. माझी रोज मागता की!”

हॅलोभाऊंनी कागद हातात घेतला, उलटा करून मागे काही आहे का पाहिलं, परत सुलटा केला. “मागची माफी एक वेळ मागेन गं. पण हे शेवटचं... सांगताक्षणी बंद करीन म्हणे. मग तो माईक माझा कसला? तो त्यांचाच झाला.”

“अहो, नाहीतरी तो त्यांच्याच गोदामात पडलाय!”

यावर हॅलोभाऊ काही बोलले नाहीत. बोलले असते तर वहिनींना भांडता तरी आलं असतं. गप्प बसणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? वहिनींच्या भावानं समजावलं, शेजाऱ्यांनी समजावलं, ज्यांच्या यादीपायी हे घडलं त्या मास्तरीणबाईसुद्धा घरी येऊन म्हणाल्या, “करून टाक रे सही. तुझ्यावर कुणी बोट ठेवणार नाही.” हॅलोभाऊंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. सही केली नाही.

तिथून सहा वर्षं. हॅलोभाऊ दुकानात लोकांचे पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करायला लागले, वहिनी शाळेचे गणवेश शिवायला लागल्या. खटला चालवायला एक तरुण वकीलबाई आपण होऊन आली होती. तिचे केस कायम विस्कटलेले आणि कागद मात्र टाचणी न टाचणी जागेवर. ती म्हणायची, “वहिनी, ही साधी केस नाहीये.” वहिनी म्हणायच्या, “साधी कशी असेल? माणूस साधा आहे कुठे!” तारखेमागून तारखा पडत गेल्या. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकाचा कुठला पाय डुगडुगतो ते वहिनींना पाठ झालं. दर तारखेला सरकारी वकील तो कागद पुन्हा पुढे करायचा, दर तारखेला वहिनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या, आणि दर तारखेला हॅलोभाऊ कागदाची नीट घडी घालून परत द्यायचे.

मग एक दिवस ते पिंजऱ्यात उभे राहिले. खालचं कोर्ट म्हणजे काही दिव्य जागा नव्हे. भिंतीचा रंग उडालेला, पंखा कुरकुरतोय, शेवटच्या बाकावर कुणीतरी घोरतंय. सरकारी वकिलानं आवाज चढवून विचारलं, “तुम्ही त्या बाईंच्या मताचे होता, म्हणून माईक चालू ठेवलात. खरं ना?”

“नाही, साहेब.”

“मग यादी खरी आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

“नाही हो. मी यादी ऐकलीच नव्हती. कामाच्या वेळी मी आवाज ऐकतो.”

“खरी का खोटी माहीत नाही, बाईंशी देणंघेणं नाही. मग कुणासाठी एवढा हट्ट?”

हॅलोभाऊंनी खरंच विचार केला. इतका वेळ केला, की न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. “समोर लोक ऐकत उभे होते, साहेब,” ते म्हणाले. “आणि बाई बोलत होत्या. मी मधला माणूस. मधल्यानं कसं ठरवायचं?”

घोरणाराही जागा झाला होता. वहिनींच्या अंगावर सर्रकन काटा आला. हाच का तो माणूस, जो गेली तीस वर्षं आपल्याशेजारी घास चावत बसतो? हे ह्याच्या पोटात होतं? आणि किती दिवस होतं? एखाद्या रोजच्या खोलीत मागे आणखी एक मोठा दिवाणखाना निघावा, आणि आपण इतकी वर्षं फक्त पुढेच झाडत बसलो होतो, तसं काहीसं त्यांना वाटलं. त्यांना अभिमान वाटला म्हणावं तर तेही खरं नाही. त्यांना भीती वाटली. एवढा मोठा माणूस घरात सांभाळायचा कसा!

त्या कोर्टानं सहा महिन्यांची शिक्षा दिली. वकीलबाईनं त्याच दुपारी अपील केलं, तुरुंग तेवढा लांबला, आणि खटला वर गेला. तिथे मोठाली दारं, उंच छत, तीन न्यायाधीश. दूरदूरचे वकील ऐकायला येऊन बसत. कॉलेजातली मुलं-मुली वह्या घेऊन येत आणि आपापसात कुजबुजत, “ते बघ, ते हॅलोभाऊ.” हॅलोभाऊ बिचारे मागे वळून बघत, दुसरा कुणी हॅलोभाऊ आलाय की काय म्हणून. दोन वर्षांनी निकाल लागला. मधल्या न्यायाधीशांनी शांतपणे वाचला: परवानगी जागेला लागते आणि वेळेला लागते, काय बोलायचं याला लागत नाही. आणि दुसऱ्याचा आवाज लोकांपर्यंत नेणाऱ्याला, केवळ कुणाला तो आवडला नाही म्हणून, तो तोडायला लावता येणार नाही. शिक्षा रद्द. सामान परत.

वकीलबाई तिथल्या तिथे रडायला लागली. वहिनींनी तिला जवळ घेतलं, पदरानं तिचे डोळे पुसले, केससुद्धा सारखे केले. स्वतः मात्र रडल्या नाहीत. त्यांचं काहीतरी आत अडकून राहिलं होतं.

सामान आलं त्याच आठवड्यात गावकऱ्यांनी सत्कार समिती नेमून चौकात सभा ठेवली. मोकळेपणानं बोलण्याच्या हक्कावर पाच जण पाऊण-पाऊण तास बोलले. सत्कारमूर्ती काही केल्या खुर्चीवर बसेनात, आपल्या पेटीमागेच बसून राहिले. शेवटी समितीचे चिटणीस म्हणाले, “आता हॅलोवहिनी दोन शब्द बोलतील.” वहिनी उठल्या. दोन शब्द काय, त्यांनी नमस्कारसुद्धा केला नाही.

“मी ह्यांना सही करा म्हणत होते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सगळे आज टाळ्या वाजवताय. मी सहा वर्षं रोज म्हणत होते, करा सही. आणि ह्या माणसानं सहा वर्षांत मला एकदा, एकदासुद्धा, विचारलं नाही, की बाई गं, तुला चालेल का? तुरुंगात मी गेलो तर तू काय करशील? शिवणयंत्रावर माझी पाठ मोडली, पण ह्यांनी ठरवलं ते ठरवलं! जगानं बोलावं म्हणून हा माणूस तुरुंगात जायला तयार, आणि घरात मी काय बोलतेय ते ऐकायला तयार नाही!”

स्टेजवरचे पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. चिटणीस घाईघाईनं पेटीपाशी आले, वाकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “भाऊ, जरा बंद करा. वहिनी भावनेच्या भरात बोलतायत. कार्यक्रमाचा विचका होतोय.”

हॅलोभाऊंनी मान हलवली. नाही.

वहिनींनी ते वरून पाहिलं. त्यांचा नवरा मान खाली घालून बसला होता. कान लाल झाले होते, चौकासमोर त्याची सगळी अब्रू निघत होती, बटण हातापासून वीतभर दूर होतं, आणि दोन्ही हात त्यानं मांडीखाली दाबून धरले होते. वहिनी बोलता बोलता थांबल्या. भोंग्यांतून नुसता त्यांचा श्वास ऐकू यायला लागला.

हॅलोभाऊंनी मान वर केली. डोळे भरलेले. आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांनी स्टेजवर बोलणाऱ्याला मधे प्रश्न विचारला.

“झालं तुझं?”

“नाही झालं,” वहिनी म्हणाल्या.

“मग बोल,” हॅलोभाऊ म्हणाले. “मी ऐकतोय.”