फरारी म्हाळूबाचा अंगठा

गावात लग्न असो की बारसं, फोटोवाला दिसला की म्हाळूबा मेंढरांमागं पसार. आधार कार्ड काढणारे गावात तीनदा येऊन गेले; तिन्ही वेळा नेमकी ह्या गड्याची एखादी मेंढी चुकलेली. "फोटो काढला की आयुष्य घटतं," असं तो सांगायचा. त्यावर त्याची बायको ताराबाई म्हणायची, "आवं, मग हे पुढारी कवाच खपले असते की!" म्हाळूबा काठी उचलायचा आणि माळ गाठायचा. रेशन तिच्या अंगठ्यावर मिळायचं, म्हणून एवढी वर्षं निभावलं.

खरं कारण फक्त त्याला ठाऊक होतं.

बारा वर्षांमागं तो मेंढरं घेऊन गेवराईकडं, गोदावरीच्या अंगाला गेलता. तिकडं रानात मेंढरं बसवून घ्यायची चाल आहे. लेंड्यांचं खत रानाला, जवारी धनगराला. एका शेतकऱ्यानं रान दाखवलं, ह्यानं तीन मुक्काम मेंढरं बसवली. चौथ्या दिवशी उलगडा झाला. रान दाखवणाऱ्याचं नव्हतंच, त्याच्या धाकट्या भावाचं, सुंदररावाचं होतं, आणि दोघा भावांतून विस्तव जात नव्हता. सुंदररावानं भावावरचा राग म्हाळूबावर काढला. न विचारता रानात घुसला म्हणून फिर्याद ठोकली.

कोर्टाचा कागद घरी आला तेव्हा म्हाळूबा मेंढरांमागं रानोमाळ. ताराबाई त्या साली लेकीच्या बाळंतपणासाठी घरी थांबलेली. साध्या कपड्यांतला एक माणूस आला, तिचा अंगठा घेतला, कागद दिला आणि फटफटीला किक मारून गेला. आता ताराबाईच्या घरात सरकारी कागद म्हणजे एकच, मेंढरांच्या लशीचा! तिनं तो देवाच्या कागदासारखा जपून, घडी करून लशीच्या पिशवीत ठेवला. पावसाळ्यात माळावर लस टोचायला आलेल्या मेंढरांच्या डॉक्टरनं पिशवी उघडली आणि कपाळाला हात लावला.

"म्हाळूबा, हा मेंढराचा न्हाई, तुमचा हाय. कोर्टात बोलावलंतं. तारीख कवाच गेली!"

पुढं कुणीतरी कानात सांगितलं की वारंट निघालंय. म्हाळूबानं घरी चकार शब्द काढला नाही. पोलिसांचं भय होतंच. पण तो कागद आपण लशीच्या पिशवीत घातला, हे ताराबाईला कळलं तर ती अन्न गोड मानून खाणार नाही, ह्याचं भय जास्त. मेंढी लंगडली तरी रडणारी बाई ती. आणि त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं, सरकारी यंत्रावर बोट टेकलं की ठाण्यात घंटा वाजते.

यंदा त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. दुसऱ्याच्या कळपातलं कोकरू आपलं म्हणून कुरवाळू लागला. बीडला फुकट ऑपरेशनचं शिबिर लागलेलं, पण आधार पाहिजे. निदान नाव नोंदवल्याची पावती तरी. ताराबाईनं त्याचं मनगट धरलं आणि तेलगावच्या आधार केंद्राच्या पायरीपर्यंत आणला. तिथं गडी बसला तो बसलाच.

"उठा की."

"तारे, मी फरारी हाय."

"काय हाय?"

"वारंट हाय माझ्यावर. बारा वर्सं झाली."

मग सगळं सांगावंच लागलं. पिशवीपाशी येऊन तो अडखळला, पण ताराबाईनं हिशेब जुळवला. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"म्हंजी म्याच ठिवला तो."

"तू जपूनच ठिवलाता की. लोकं हरवत्यात."

"आन् मला सांगितलं कावून न्हाई?"

"तू जेवली नसतीस."

ताराबाईनं डोळे पुसले. "आता उठा. आदी तुमच्या सुंदररावाकडं."

सुंदररावानं ऐकलं आणि बाजेवरून उठून उभाच राहिला. "आरं म्हाळूबा, दुसऱ्याच साली मीच न्हाई का तुला मेंढरं बसवायला बोलावलं? दरसाल येतूस, चहा पितूस. मला वाटलं, आपलं मिटलं म्हंजी कोर्टाचंबी मिटलं!"

"मलाबी वाटलं, तुमी काढली आसंल फिर्याद. पर इचारायचं कसं? तुमी चहा पाजीत व्हता."

दुसऱ्या दिवशी फिर्यादी आणि फरारी एकाच फटफटीवरून कोर्टात गेले, मागं ताराबाई वडापच्या जीपनं. वकिलानं वारंट रद्द करण्याचा आणि आपसात मिटवल्याचा, असे दोन अर्ज दिले. जज्जबाई म्हणाल्या, "बाबा, बारा वर्षं होतात कुठं?"

म्हाळूबानं हात जोडले, मग एक हात सोडून सुंदररावाकडं केला. "ह्यांच्याच रानात, बाईसाहेब."

कोर्टाचा शिपाईसुद्धा तोंड फिरवून हसला. दुपारपर्यंत वारंटही मिटलं आणि खटलाही.

मग पुन्हा आधार केंद्र. यंत्रावर दिपाली नावाची पोरगी. म्हाळूबानं दम रोखून अंगठा टेकला. घंटा वाजली नाही. काहीच झालं नाही. साठ वर्षं कातरीनं लोकर कातरून अंगठ्यावरच्या रेघाच गुळगुळीत झालेल्या!

"आजोबा, ठसा उमटंना," दिपाली म्हणाली.

"आन् मी ह्याच्यापायी बारा वर्सं पळालो?" म्हाळूबा स्वतःशीच हसायला लागला. ताराबाईनं त्याची बोटं पाण्यानं धुतली, पदरानं कोरडी केली आणि एकेक स्वतःच्या हातानं दाबून धरलं. अंगठे हटूनच बसले, पण चार-पाच बोटं यंत्रानं मानली. बाकीचं दिपालीनं नियमात बसवलं, फोटो काढला आणि पावती हातात दिली. शिबिराला तेवढी पुरणार होती.

म्हाळूबानं सवयीनं लशीची पिशवी पुढं केली. ताराबाईनं पावती मागं ओढली.

"थांबा. पोरी, आदी वाचून दाव. सगळी."

दिपालीनं वाचली. नाव, गाव, तारीख.

"आजून एकडाव."

दिपालीनं पुन्हा वाचली. मग ताराबाईनं पावतीची घडी केली, आपल्या कमरेच्या चंचीत घातली, आणि बीडच्या एसटीसाठी म्हाळूबाचं मनगट धरलं.